विश्लेषण : दुसऱ्याच्या वडिलांसाठी नेरूळमध्ये डोळे का भरून येतात?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठीची ऑनलाइन रांग, काळ्या बाजारातले लाखांचे भाव, पोलिसांची चौकशी या सगळ्यावर भरपूर लिहून झालं. पण कार्यक्रमानंतर पुढचे कित्येक दिवस मोबाइलवर फिरत राहिले ते वेगळेच व्हिडीओ. 'फिक्स यू' हे गाणं सुरू झालंय, मनगटावरचे पट्टे एका लयीत चमकतायत, आणि कॅमेऱ्यासमोर कुणीतरी ढसाढसा रडतंय.

त्यावर जी थट्टा व्हायची ती झालीच. 'तिकिटाचा हप्ता आठवला वाटतं', 'बँडची दोनच गाणी माहीत आणि रडतायत', 'रीलसाठी अश्रू'. थट्टा करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. त्या गर्दीत केवळ 'आपण मागे पडायला नको' म्हणून आलेले लोकही होते. पण ज्या गाण्यावर हे अश्रू आले, ते जन्माला आलं तेच एका बापाच्या मृत्यूतून. आणि त्याच मैदानावर पाच वर्षांपूर्वी असा एक गायक उभा राहून गेला होता, ज्यानं आपल्या दिवंगत वडिलांवर रॉक संगीतातलं बहुधा सर्वांत प्रामाणिक गाणं लिहिलं आहे. ही दोन्ही गाणी आणि त्यांचे चाहते समजून घेतले, तर रडणाऱ्यांकडे बघून हसू येणार नाही.

'फिक्स यू'मधला बाप कोण?

हॉलिवूड अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो हिचे वडील ब्रूस पॅल्ट्रो हे दिग्दर्शक-निर्माते होते. ऑक्टोबर २००२ मध्ये रोममध्ये त्यांचं निधन झालं. लेकीचा तिसावा वाढदिवस साजरा करायला बापलेक इटलीत गेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्वेनेथ आणि कोल्डप्लेचा गायक ख्रिस मार्टिन यांची भेट झाली. पुढच्या वर्षी लग्न झालं. वडील गेल्याच्या दुःखातून बाहेर न पडलेल्या बायकोसाठी ख्रिसनं जे गाणं केलं, ते 'फिक्स यू'. 'एक्स अँड वाय' या २००५ च्या अल्बममध्ये ते आलं.

यातला एक तपशील फार बोलका आहे. ब्रूस पॅल्ट्रो यांनी जाण्याआधी एक मोठा कीबोर्ड विकत घेतला होता. तो कुणी कधी सुरूच केला नव्हता. ख्रिसनं त्याची पिन लावली आणि जो आवाज निघाला त्यातून हे गाणं सुचलं, असं त्यानं स्वतः सांगितलं आहे. गाण्याच्या सुरुवातीला चर्चमधल्या ऑर्गनसारखा जो संथ, पसरट आवाज येतो, त्यामागची ही गोष्ट. माणूस गेला, वस्तू राहिली. आणि तीही न वापरलेली! आपल्याकडे कपाटात वडिलांचं न उघडलेलं शर्टाचं पाकीट सापडतं, तसंच.

काटेकोरपणे पाहिलं तर हे गायकाच्या स्वतःच्या वडिलांवरचं गाणं नाही, न भेटलेल्या सासऱ्यावरचं आहे. त्याहूनही नेमकं सांगायचं तर बापासाठी रडणाऱ्या माणसाजवळ बसलेल्या दुसऱ्या माणसाचं आहे. म्हणूनच ते इतक्यांना लागू पडत असावं. जवळच्या माणसाचा बाप गेल्यावर काय बोलायचं हे कुणालाच कळत नाही. पाठीवर हात ठेवायचा आणि गप्प बसायचं, एवढंच जमतं.

स्वतःच्या वडिलांवरचं गाणं कुणाचं?

१५ डिसेंबर २०१९. याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये यूटू या आयरिश बँडचा भारतातला पहिलावहिला कार्यक्रम झाला. 'द जोशुआ ट्री' या १९८७ च्या अल्बमवर बेतलेल्या जागतिक दौऱ्याचा तो शेवटचा मुक्काम. त्यामुळे त्या रात्री भर त्याच अल्बमवर होता, वडिलांवरचं गाणं काही केंद्रस्थानी नव्हतं. पण बँडचा गायक बोनो याच्या चाहत्यांना विचारा, त्याचं सर्वांत खासगी गाणं कोणतं. बरेच जण 'समटाइम्स यू कान्ट मेक इट ऑन युवर ओन' असंच सांगतील.

बोनोचं खरं नाव पॉल ह्यूसन. वडील बॉब ह्यूसन डब्लिनमध्ये टपाल खात्यात नोकरीला. घरात ऑपेरा ऐकायचे, स्वतः चांगलं गायचे, पण गाणं हा व्यवसाय होऊ शकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. पोरगा १४ वर्षांचा असताना त्याची आई आयरिस स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी कोसळली आणि गेली. त्यानंतर घरात तीन पुरुष उरले. बाप आणि दोन मुलगे. आईचं नावही फारसं निघायचं नाही आणि भांडणं मात्र रोजची, असं बोनोनं अनेकदा सांगितलं आहे. मुलगा जगप्रसिद्ध झाला तरी वडिलांचा टोमणा कायम होता. आवाज पट्टी खालची आणि हा स्वतःला वरच्या पट्टीचा गायक समजतो, अशा अर्थाचा. ज्यांच्या घरी सीईटीचे मार्क कळल्यावर 'बाकीचे कुठे गेले?' असं विचारलं गेलंय, त्यांना ही भाषा वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

ऑगस्ट २००१ मध्ये बॉब कर्करोगानं शेवटच्या टप्प्यात होते. तेव्हा यूटूचा युरोप दौरा सुरू होता. बोनो कार्यक्रम संपवून डब्लिनच्या रुग्णालयात येई, वडिलांच्या खोलीत झोपे आणि परत जाई. २१ ऑगस्टला वडील गेले. अंत्यविधीत त्यानं हे गाणं म्हटलं. त्यानंतर लगेच, २५ ऑगस्टला, आयर्लंडमधल्या स्लेन कॅसलच्या मैदानात विराट गर्दीसमोर तो गायला उभा राहिला.

गाणं अल्बममध्ये आलं २००४ च्या नोव्हेंबरमध्ये. अल्बमच्या नावात अणुबॉम्ब निकामी करण्याचा उल्लेख आहे. हा बॉम्ब म्हणजे आपले वडीलच, असं बोनोनं नंतर सांगून टाकलं. गाणं २००५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि २००६ मध्ये त्याला 'साँग ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं.

बाप गेला आणि चार दिवसांत मुलगा कामावर

मराठी वाचकाला हे चित्र नवीन नाही. १९ मे १९९९. इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक सुरू होता आणि मुंबईत प्रा. रमेश तेंडुलकर यांचं निधन झालं. कवी, कीर्ती महाविद्यालयातले मराठीचे प्राध्यापक. सचिन घरी आला. त्या दिवशीचा झिम्बाब्वेविरुद्धचा सामना भारत त्याच्याविना तीन धावांनी हरला. सचिन परत गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलमध्ये केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. शतकानंतर त्यानं आकाशाकडे पाहिलं. ते दृश्य टीव्हीवर पाहताना महाराष्ट्रात किती घरांत लोक रडले असतील याची मोजदाद नाही, पण त्या वयाच्या कुणालाही विचारून बघा.

तेव्हा कुणी म्हटलं नाही की, 'तुम्ही कशाला रडता, तुमचे कुठे वडील गेलेत?' प्रा. तेंडुलकरांना प्रत्यक्ष ओळखणारे थोडेच होते. तरी ते दुःख सगळ्यांना आपलं वाटलं. सचिननं काही बोलून दाखवलं नाही, फक्त मान वर केली आणि बघणाऱ्यांनी ती जागा आपापल्या परीनं भरली. गाण्याचंही असंच होतं. स्टेडियममधल्या पोराच्या रडण्याला मात्र आपण रील म्हणून मोडीत काढतो. हा दुजाभाव कशासाठी?

एक उत्तर असं की, सचिन आपला आणि बोनो, ख्रिस मार्टिन परके. दुसरं उत्तर थोडं अडचणीचं आहे. १९९९ मध्ये लोक घरात रडले, कुणी पाहिलं नाही. २०२५ मध्ये शेजारच्यानं शूट केलं.

फ्लेक्सवरचा बाप आणि गाण्यातला बाप

नवी मुंबईत कोणत्याही नाक्यावर एक तरी श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसतो. आधारवड हरपला. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. खाली शोकाकुल मंडळींची फोटोंसह यादी, आणि बऱ्याचदा गेलेल्या माणसापेक्षा शोकाकुल नेत्याचा फोटो मोठा. यात खोटं काही नसतं. पण त्यातला माणूस दिसत नाही. सगळेच आधारवड झाले की कुणाचा बाप नेमका कसा होता हे कळायला मार्ग राहत नाही. फादर्स डेच्या स्टेटसचंही तेच.

बोनोचं गाणं लोकांना धरून ठेवतं ते याच ठिकाणी. त्यात वडील महान नाहीत. ते हट्टी आहेत, मदत घ्यायला तयार नाहीत, आणि मुलगा कबूल करतो की आपण भांडलो कारण आपण एकसारखे होतो. शेवटी गाता येण्याचं श्रेयही तो त्यांनाच देतो. गौरव आहे, पण आरती नाही. वडील गेल्यानंतर आपल्या आवाजाची पट्टी खरोखरच वर गेली, जणू जाताना ते स्वतःचा आवाज देऊन गेले, असंही बोनो सांगतो. विज्ञानाच्या कसोटीवर हे कितपत टिकेल ते सोडा. ज्यानं आरशात अचानक स्वतःच्या चेहऱ्यात बाप पाहिलाय त्याला ते पटतं.

आणि बापाची दुसरी बाजूही या माणसानं लपवलेली नाही. वडिलांना लग्नाबाहेरच्या नात्यातून एक मुलगा होता, हे आपल्याला २००० च्या सुमारास कळलं, असं बोनोनं २०२२ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत उघड केलं. हे माहीत झाल्यावर काही चाहते चरकले. गाणं आता तसं ऐकू येत नाही, असं त्यांना वाटलं. हे वाटणं समजण्यासारखं आहे, पण निष्कर्ष उलटा निघायला हवा. अंत्यविधीत ते गाणं म्हटलं तेव्हा मुलाला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्यानं ते म्हटलं. त्यामुळे गाण्याचं वजन कमी न होता उलट वाढतं.

मराठीत असं गाणं नाही का?

बापावरची गाणी आहेत. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'नं नाट्यगृहात कितीतरी बाप रडवले. पण तो बाबा हयात आहे, उशिरा घरी येणारा आहे आणि गाणं त्याच्याच तोंडी आहे. २०१६ मध्ये राजेश मापुसकरांचा 'व्हेंटिलेटर' आला. त्यातलं 'बाबा' हे गाणं प्रियांका चोप्रानं मराठीत म्हटलं. तिचे वडील डॉ. अशोक चोप्रा २०१३ मध्ये गेले होते आणि त्यांच्या हस्ताक्षरातले शब्द तिनं हातावर गोंदवून घेतले आहेत. अमराठी मुलीचे मराठी उच्चार वगैरे चर्चा झाल्या, पण अनेकांनी ते गाणं मुकाट्यानं फोनमध्ये ठेवलं. ते रॉक नाही, त्यात भांडण नाही. मुलानं बापाशी घातलेला वाद गाण्यातून सोडवायची सवय आपल्या संगीतात अजून फारशी रुळलेली नाही. कवितेत आणि आत्मकथनांत मात्र तो वाद भरपूर सापडतो.

ही उणीव आहे म्हणूनच नेरूळ-वाशी-खारघरमधल्या इंजिनीअरिंगच्या पोरांना तो सूर इंग्रजी रॉकमध्ये सापडतो. याला कुणी नक्कल म्हणेल, त्यात तथ्य नाही. या शहराची पहिली पिढी बापांची आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, त्यानंतर सातारा, सांगली, कोकण, खानदेश आणि मुंबईच्या चाळींमधून माणसं इथं आली. कुणी बाजार समितीत, कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात, कुणी रोज हार्बरनं सीएसएमटीला. हप्ते फेडले, पोरांना शिकवलं, कमी बोलले. ती पिढी आता सत्तरीत आहे, आणि एकेक करून चालली आहे. मागे राहिलेल्या मुलांपाशी तेरा दिवसांचे विधी असतात. चौदाव्या दिवशी ऑफिसचा लॅपटॉप उघडावा लागतो. पुरुषाला मोठ्यानं रडायला जागा म्हणून या शहरात काय आहे? खाडीकिनारा, बंद गाडी, आणि वर्षातून एखादेवेळी पन्नास हजार लोकांच्या गर्दीतला अंधार.

गाणं रडवतं कसं?

थोडा तांत्रिक भागही पाहू. 'फिक्स यू' जवळपास पाच मिनिटांचं आहे. पहिला निम्मा भाग ऑर्गन आणि नाजूक आवाज, ढोल नाहीच. मग एक गिटार एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत आत येते, त्यावर ड्रम्स कोसळतात आणि सगळे मिळून गाऊ लागतात. आधी बराच वेळ रोखून धरायचं आणि मग एकदम सोडायचं. धरणाचे दरवाजे उघडावेत, तसं.

त्यात स्टेडियमची भर. कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रत्येकाच्या मनगटावर एलईडी पट्टा असतो. तो दुरून नियंत्रित होतो आणि संगीताबरोबर सगळ्यांचे एकदम उजळतात, एकदम मंद होतात. (कार्यक्रमानंतर ते परत द्यायचे असतात. कोणत्या शहरानं किती टक्के परत केले याची स्पर्धाही लावली जाते.) आपण एकटे नाही हे डोळ्यांना दिसत राहतं. संगीताचे अभ्यासक डेव्हिड ह्यूरन यांनी २०११ मध्ये मांडलं होतं की, दुःखी संगीत ऐकताना शरीर खऱ्या दुःखासाठी राखलेलं सांत्वनाचं रसायन सोडत असावं, पण खरं संकट नसल्यानं फक्त दिलासाच हाती लागतो. हा एक अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. शिवाय ज्याचे वडील खरंच गेलेत त्याचं संकट खोटं कसं?

गाणं कुणाचं, यावरून वाद

चाहत्यांमधला खरा वाद वेगळाच आहे. ग्रीन डे या बँडचं 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स' घ्या. हा बँड मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात येऊन गेला. गायक बिली जो आर्मस्ट्राँग १० वर्षांचा असताना, सप्टेंबर १९८२ मध्ये, त्याचे वडील कर्करोगानं गेले. ते गाणं त्यांच्यासाठी. पण व्हिडीओ निघाला तो इराक युद्धात जाणाऱ्या तरुणाचा, अमेरिकेत अनेकांनी ते ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी जोडलं, काहींनी कॅटरिना वादळाशी. आणि आता दर वर्षी १ ऑक्टोबरला 'उठवा रे त्याला' हा विनोद जगभर फिरतो. कट्टर चाहते चिडतात. एका पोराच्या बापाच्या मरणावर मीम कसलं करता?

चीड रास्त आहे. विनोद करणाऱ्यांपैकी बहुतेकांना पार्श्वभूमीच माहीत नसते आणि एकदा कळली की अनेक जण पुढच्या वर्षी गप्प बसतात. पण चिडणारे पुढे जाऊन जेव्हा ठरवू लागतात की, गाण्यावर रडायचा हक्क कुणाला, तेव्हा गडबड होते. 'हे ब्रेकअपचं गाणं नाही', 'तुझे वडील तर आहेत की'. ज्याचे वडील आयसीयूत आहेत त्यानं काय करायचं? ज्याचं वडिलांशी दोन वर्षं बोलणं नाही त्यानं? ख्रिस मार्टिनचंच बघा. ज्या बायकोसाठी गाणं लिहिलं, तिच्यापासून तो २०१४ मध्ये वेगळा झाला. गाणं तो अजून म्हणतो. त्याचा मूळ पत्ता बदलला तरी ते पोहोचतंय.

मग दुसऱ्याच्या दुःखाचं तिकीट लावणं योग्य का, हा प्रश्न उरतो. हजारो रुपये मोजून बापाच्या आठवणीत रडायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण कीर्तनकाराला बिदागी देतो म्हणून कीर्तनात आलेलं पाणी खोटं ठरत नाही. आक्षेप घ्यायचाच असेल तर किमतीवर घ्यावा. स्टेडियमबाहेर, पुलाखाली उभं राहून फुकट ऐकणारेही त्या रात्री होतेच.

यूटूच्या २०१९ च्या त्या कार्यक्रमात मंचावर ए. आर. रहमान आले होते, सोबत खतिजा आणि रहीमा या लेकी. 'अहिंसा' हे गाणं सगळ्यांनी मिळून सादर केलं. रहमान नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील, संगीतकार आर. के. शेखर, गेले. त्यानंतर वडिलांची वाद्यं भाड्यानं देऊन घर चाललं. म्हणजे एकाच मंचावर दोन माणसं होती. एकाला बापाकडून आवाज मिळाला होता, दुसऱ्याला वाद्यं. त्या रात्री ही गोष्ट मंचावरून कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती, आणि गर्दीतल्या ज्यांना ती माहीत होती त्यांचं लक्ष रहमानच्या लेकींकडे जास्त होतं.

बोनोनं आता वडिलांना गाण्याबाहेरही आणलं आहे. 'सरेंडर' या २०२२ च्या आत्मकथनावरून त्यानं एकपात्री प्रयोग केला आणि मे २०२५ मध्ये तो अॅपल टीव्हीवर चित्रपट म्हणून आला. त्यात मंचावर काही खुर्च्या आणि एक टेबल. बाप आणि मुलगा रविवारी डब्लिनजवळच्या पबमध्ये बसायचे, तो प्रसंग. बोनो नुसती मान वळवतो आणि बॉब ह्यूसन होतो, परत वळवतो आणि मुलगा. बाप दर वेळी काही विशेष खबर आहे का, असं विचारतो, आणि मुलगा जगातल्या मोठमोठ्या लोकांची नावं सांगूनही त्याला प्रभावित करू शकत नाही. प्रेक्षक हसतात. शेवटी वाद्यांचा कल्लोळ थांबतो आणि तो रॉक सोडून वडिलांच्या आवडीचं जुनं इटालियन गाणं म्हणतो. पट्टी वरची, वडील नको म्हणायचे तीच.